वेताळ खांद्यावर: पार्किंगमधल्या राईडच्या नोंदी

९ जून २०२४, रविवार

आमच्या कोथरूडच्या सोसायटीत दरवर्षी गणपतीत हलता देखावा असतो. हलता म्हणजे एक मोटर, एक फिरणारं चक्र आणि समोर खुर्च्या टाकून बसलेली मंडळी. यंदा मुलांनी मीटिंगमध्ये सांगितलं, देखावा हलायला नको, आम्ही हललो पाहिजे. थोडक्यात, राईड हवी. मी भोसरीला टूलरूममध्ये डिझाइनचं काम करते, त्यामुळे सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या. माणसं बसवून अंधारात फिरवायचा मला काडीचाही अनुभव नाही. म्हणून या नोंदी. पुढच्या वर्षी कोणी हा उद्योग केलाच, तर निदान माझ्या चुका तरी पुन्हा करू नयेत.

गोष्ट ठरवताना तास गेला. उडता गालिचा मुलांना हवा होता. तो छताला टांगायचा आणि छत सोसायटीचं, म्हणून बाद. वेताळपंचविशी मीच पुढे केली. विक्रम प्रेत खांद्यावर घेऊन चालतो, वेताळ मागून कानात गोष्ट सांगतो. राईडमध्ये बसलेला माणूस म्हणजे विक्रम. वेताळ मागे असल्यामुळे तो दाखवायची गरज कमी, ऐकू आला की झालं.

बजेट ४५,००० रुपये. पहिला आराखडा: नागमोडी ४२ मीटर मार्ग, सात देखावे, आठ गाड्यांची जागा.

१६ जून, रविवार

कमिटीने चार गाड्यांची जागा दिली. "आठ गाड्या दहा दिवस रस्त्यावर लावायच्या का?" त्यांचंही बरोबर आहे. मी तरी दोन दिवस फुगून बसले.

मग मूळ गोष्ट नीट वाचली. अकराव्या शतकात काश्मीरमध्ये सोमदेवाने लिहिलेल्या कथासरित्सागरात ती आहे, आणि तिथला राजा आपल्याच गोदावरीकाठचा, प्रतिष्ठानचा, म्हणजे पैठणचा. नाव त्रिविक्रमसेन. क्षांतिशील नावाचा भिक्षू रोज त्याला एक फळ देतो. एके दिवशी माकड ते फळ फोडतं आणि आतून रत्न निघतं. त्या उपकारापोटी राजा स्मशानात जातो, झाडावरचं प्रेत उतरवतो, बोलतो, आणि वेताळ परत त्याच झाडावर. पुन्हा तेच झाड. पुन्हा तेच.

त्याच झाडावर! मग मला ४२ मीटर हवेत कशाला? १४ मीटरचा अंडाकृती मार्ग, झाड एकच, आणि तीन फेऱ्या. दोन सरळ बाजू तीन-तीन मीटरच्या, दोन्ही टोकांना सव्वा मीटर त्रिज्येची अर्धवर्तुळं. दर फेरीला वेगळा कोपरा उजळायचा, बाकी सगळं काळ्या कापडात बुडवायचं. चार गाड्यांच्या जागेत आरामात बसतं. कमिटीला मनातल्या मनात धन्यवाद दिले, तोंडावर नाही.

२३ जून, रविवार

जुना बाजार. कारच्या वायपरची मोटर ३५० रुपयांना मिळाली. बारा व्होल्ट, ताकद बरी वाटली. घरी येऊन जुन्या ऑफिस-खुर्चीच्या चाकांवर फळी टाकली, मोटर जोडली आणि भाचीला बसवलं. ती बारावीला आहे, ४८ किलो. वीस मिनिटांत मोटर इतकी तापली की हात लावता येईना. पाऊस पुसायला केलेल्या मोटरकडून मी माणसं ओढायची अपेक्षा केली. मोटर ठेवून दिली आहे, फेकलेली नाही.

पुढच्या रविवारी पालख्या पुण्यात आहेत, रस्ते बंद. तो दिवस कामाच्या हिशोबात धरलेला नाही.

७ जुलै, रविवार

गाडी मार्गावरून सुटू नये म्हणून खाली काहीतरी हवं. जमिनीला भोकं पाडायची नाहीत, ही कमिटीची अट. मी ठरवलं की बारा मिलिमीटरच्या प्लायवुडमध्ये खाच ठेवायची आणि गाडीखालच्या पिनला बेअरिंग लावून ते त्या खाचेतून पळवायचं. टिंबर मार्केटमधून दोन शीट आणल्या, एक वळण करून पाहिलं. बेअरिंग ३५ मिलिमीटरचं, खाच ३८ची. लोण्यासारखं चाललं. आम्ही चहा घेतला, फोटो काढले.

१४ जुलै, रविवार

आठवडाभराच्या पावसाने प्लाय फुगला. बेअरिंग खाचेत असं रुतलं की दोघांनी उचलून काढावं लागलं. टूलरूममध्ये एसीत बसून मी तीन मिलिमीटरची मोकळीक "भरपूर" म्हणते. पार्किंगमधल्या जुलैला ती पुरत नाही. ३,४०० रुपये पाण्यात, शब्दशः.

धायरीच्या फॅब्रिकेशनवाल्या दादांना वळणाचा फोटो पाठवला. त्यांचा फोन आला, "मॅडम, लाकडात कशाला जाताय? पंचवीस बाय पाचची पट्टी उभी ठेवा, दोन्ही बाजूंनी बेअरिंग चिमटा. हाताने वळते ती." खरंच वळते. पट्टी उभी ठेवली की वळण तिच्या पाच मिलिमीटर जाडीतून घ्यायचं असतं, पंचवीसमधून नाही. मीटरला साधारण एक किलो, म्हणजे अख्खा मार्ग चौदा किलोंचा. मधे मधे आडव्या पट्ट्या वेल्ड केल्या की जमिनीवर नुसता ठेवायचा. खाच वगैरे माझं डोकं कुठून आलं कोण जाणे.

२५ जुलै, गुरुवार

पट्टी आज यायची होती. रात्रभर कोसळला, खडकवासल्यातून पाणी सोडलं आणि सिंहगड रोडला एकतानगरीत घरांत पाणी शिरलं. दादांचं शेड उंचावर आहे, पण त्यांचा वेल्डर त्याच भागात राहतो. मी फोनवर फक्त घरचे कसे आहेत ते विचारलं. पट्टीचं नाव काढलं नाही.

४ ऑगस्ट, रविवार

पट्टी आणि गाडीचा सांगाडा आला. आता २४ व्होल्ट, २५० वॉटची गिअरवाली मोटर घेतली आहे, इलेक्ट्रिक सायकलला लावतात ती. कंट्रोलरसकट ४,१००. चेनने मागच्या दांड्याला जोडली.

सरळ बाजूवर झकास. वळणावर किंचाळत थांबली. कारण लक्षात यायला दुपार गेली आणि ते शाळेच्या पुस्तकातलं आहे. दोन्ही मागची चाकं एकाच दांड्यावर घट्ट. चाकांमधलं अंतर सत्तर सेंटिमीटर, म्हणजे वळणावर आतलं चाक नव्वद सेंटिमीटरच्या त्रिज्येवर फिरतं आणि बाहेरचं एकशे साठच्या. बाहेरच्याला जवळपास दुप्पट धावायचं आणि दांडा म्हणतो दोघांनी बरोबरच चला. एक चाक दांड्यावरून मोकळं करून बेअरिंगवर बसवलं, मोटर एकाच चाकाला. किंचाळणं बंद.

दुसरा घोटाळा उताराचा. पार्किंगला पाणी वाहून जायला उतार असतो, हे त्याच पार्किंगमध्ये पंधरा वर्षं गाडी लावून मला माहीत नव्हतं. माणसं बसवायला थांबवली की गाडी आपली आपण घरंगळायला लागते. मोटर बंद केल्यावर तिला ब्रेक नाही. वॉचमन काकांनी काही न बोलता लाकडाची पाचर आणून चाकाखाली सारली. तीच पाचर शेवटपर्यंत आमचा अधिकृत पार्किंग ब्रेक. दोरी बांधून लाल रंगवली आहे.

११ ऑगस्ट, रविवार

या नोंदीची मला लाज वाटते. वेताळ हवेत तरंगताना दिसावा म्हणून पेपरचं भूत करायला निघाले. १८६२ मध्ये लंडनच्या रॉयल पॉलिटेक्निकमध्ये जॉन हेन्री पेपरने गाजवलेली युक्ती: काच ४५ अंशांत तिरकी, बाजूला लपवलेल्या उजेडातल्या बाहुल्याचं प्रतिबिंब त्यात, आणि बघणाऱ्याला वाटतं भूत समोरच उभं आहे. काच मुलांच्या जवळ नको म्हणून तीन मिलिमीटरचं ॲक्रिलिक आणलं, ३,८०० रुपये. ते मधे झोळीसारखं वाकलं. वेताळ पोट सुटलेला दिसायला लागला. मागून फ्रेम ठोकली, बऱ्यापैकी सरळ झालं. तेवढ्यात बी विंगमधले एकजण गाडी लावायला आले. हेडलाइट ॲक्रिलिकवर पडला आणि वेताळाच्या जागी मी, हातात स्क्रू-ड्रायव्हर.

पार्किंगमध्ये रात्री अकरापर्यंत गाड्या येत राहणार. भूत रद्द. ॲक्रिलिक आता कोणाला तरी बाल्कनीला हवंय.

१५ ऑगस्ट, गुरुवार

झेंडावंदन झाल्यावर सगळे मोकळे होते. भूत नाही तर साधं लोंबकळणारं प्रेत करायचं, काळ्या उजेडात, म्हणजे अल्ट्राव्हायोलेटखाली, चमकणारं. थर्माकोलवर २०१८ पासून राज्यात बंदी आहे, आणि तो मला आवडतही नाही. बांबूच्या कामट्यांचा सांगाडा, वर कापड.

तुळशीबागेतून कोरं मांजरपाट आणलं. अल्ट्राव्हायोलेट ट्यूबखाली धरलं तर नुसतं मळकट. सगळे हिरमुसले. मग पहिल्या मजल्यावरच्या आजोबांनी आपलं जुनं धोतर दिलं, आणि ते असं पेटलं की लहान मुलं मागे सरकली. कापड तेच, फरक धुण्याचा. कपडे पांढरेशुभ्र दिसावेत म्हणून धुण्याच्या पावडरीत जे घालतात, ते अल्ट्राव्हायोलेट घेऊन निळसर उजेड बाहेर टाकतं. आजोबांचं धोतर वीस वर्षं त्यात भिजतंय. मांजरपाटही दोनदा पावडरीत उकळलं, तेव्हा कुठे चमकलं. चमकणाऱ्या रंगावर मी आठशे रुपये आधीच घालवले होते.

आणि ती जुन्या बाजारातली वायपरची मोटर! तिच्या फिरत्या टोकाला वायपरची दांडी जोडली की ती मागे-पुढे हलते. झाडाच्या फांदीत बसवली, धोतराचा वेताळ तिला उलटा टांगला. वजन दीड किलो, तापायचा प्रश्नच नाही. ३५० रुपये वसूल.

१८ ऑगस्ट, रविवार

तिसऱ्या मजल्यावरच्या काकांनी बाहुलं पाहिलं आणि ते गंभीर झाले. त्यांचं गाव वेंगुर्ल्याकडे. "सुळे काढा त्याचे. आमच्याकडे तो देव आहे. आरवलीला वेतोबाला चपला वाहतात, रात्री गावाची राखण करायला फिरतो म्हणून झिजतात." मला हे सुचायला हवं होतं. आमच्या गॅलरीतून वेताळ टेकडी दिसते, सकाळी निम्मं कोथरूड तिथे चालायला जातं आणि वर देवळाशी हात जोडून उतरतं. आणि आम्ही त्याला दुकानातले प्लास्टिकचे सुळे लावत होतो.

आज पहाटे काका, मी आणि चार पोरं टेकडीवर जाऊन नमस्कार करून आलो. सुळे काढले. झाडाच्या बुंध्याशी दीड-दीड फुटांच्या चपला ठेवल्या, पुठ्ठ्याच्या, वर चॉकलेटी रेक्झीन. गाडी पहिल्यांदा झाडाशी येते तेव्हा आधी त्या दिसतात. वेताळ वर दिसतो नंतर. सुळ्यांपेक्षा किती तरी जास्त भीती वाटते, कारण एवढ्या चपला ज्याच्या आहेत तो कुठे आहे, हे माणूस आपोआप शोधायला लागतो.

२१ ऑगस्ट, बुधवार

या राईडमधली मला सगळ्यात आवडणारी गोष्ट. माणूस पडू नये म्हणून सीटवर अडसर हवा. राजाच्या खांद्यावर ओझं हवं. मग अडसर म्हणजेच वेताळाचे हात! सीटच्या मागून पाइपचे दोन हात खांद्यांवरून पुढे येतात आणि छातीशी अडकतात. आत फोम, वर धोतराचंच कापड, पुढे बोटं. बसणाऱ्याच्या खांद्यावर अडीच किलो येतं आणि कानाशी दोन छोटे स्पीकर.

खिट्टी मात्र फसली. सात वर्षांच्या मुलाने पहिल्या मिनिटात आतून उघडली. आता खिट्टीच्या मागे वेगळी पिन आहे, ती फक्त बाहेरचा माणूस काढू शकतो. ११० सेंटिमीटरपेक्षा बुटक्या मुलांना हात नीट बसत नाहीत, त्यांना घ्यायचं नाही. रडारड होईल. होऊ दे. चेनवर पत्र्याचं झाकण, हँडलवर आणि बाहेर भिंतीवर एकेक लाल बटण, दाराशी आग विझवायचा सिलिंडर, आत निरांजनसुद्धा नाही. यात कोणाशी वाद घालायचा नाही.

२५ ऑगस्ट, रविवार

गोष्टी. एक फेरी चाळीस सेकंदांची, झाडाशी वीस सेकंद थांबा, म्हणजे गोष्टीला एक मिनिट. नाटकात काम केलेल्या एका मावशींनी पहिली गोष्ट रेकॉर्ड केली, तीन मिनिटं दहा सेकंद. अप्रतिम आणि निरुपयोगी. कापत कापत इथवर आलो:

"एकीवर तिघांचं मन. ती मेली. एक तिच्या राखेवर झोपला. एकाने अस्थी गंगेत नेल्या. एकाने मंत्र आणून तिला उठवलं. आता ती कोणाची? माहीत असून गप्प बसलास, तर डोक्याची शकलं होतील. बोललास, तर मी चाललो."

राजाचं उत्तर: राखेवर झोपला त्याची. उठवणारा बापासारखा, अस्थी नेणारा मुलासारखा. माझी भाची अजून भांडते आहे.

दुसरी फेरी नाजूक माणसाची: सात गाद्यांखाली एक केस, आणि कुशीवर लाल वळ. हा कोपरा स्वस्तात झाला, सोसायटीतल्या गाद्या एकावर एक. तिसऱ्या फेरीला राजा ज्यावर गप्प बसला ती गोष्ट: बाप-लेकाला वाटेत दोन स्त्रियांची पावलं दिसतात. ठरतं की मोठ्या पावलांची बापाने करायची, लहान पावलांची मुलाने. मोठी पावलं निघतात लेकीची, लहान आईची. शब्द दिलेला. मग त्यांना झालेली मुलं एकमेकांची कोण?

गोष्टी वाजवणाऱ्या छोट्या सर्किटने, एमपी३ मॉड्यूलने, एक रात्र खाल्ली. तिसरी गोष्ट पहिल्या फेरीला वाजायची. हे मॉड्यूल फायली नावाने नाही, कार्डावर कोणत्या क्रमाने कॉपी केल्या त्या क्रमाने वाजवतं. कार्ड फॉरमॅट करून एकेक फाईल क्रमाने टाकली, सुटलं. स्पीकरमधल्या खरखरीला तपकीर गल्लीतल्या दुकानदाराने एक किलोओहमचा रेझिस्टर दिला, पैसे घेतले नाहीत. गाडी कुठे आहे ते पट्टीलगतचे लोहचुंबक आणि गाडीखालचा रीड स्विच (चुंबक जवळ आला की आपोआप लागणारा) सांगतात. या एकाच गोष्टीने पहिल्या दिवसापासून त्रास दिला नाही.

३१ ऑगस्ट, शनिवार

पूर्ण चाचणी. गाडीत मायक्रोफोन होता. बसणारा बोलला की वेताळ हसून "चाललो" म्हणणार, गप्प राहिला की "डोक्याची शकलं!" अशी कल्पना. संध्याकाळी सातला नदीपात्रात ढोल-पथकांचा सराव सुरू झाला. गाडी रिकामी असताना वेताळ हसत सुटला. दर ठोक्याला. संवेदनशीलता कमी केली तर मुलांचं बोलणं ऐकू येईना, वाढवली तर गाडीच्याच चाकांना उत्तर देऊ लागला. रात्री दीडपर्यंत झटले.

मायक्रोफोन काढला. काळ्या पडद्यामागे भाची स्टुलावर बसते, कान देऊन ऐकते आणि बिनतारी दारघंटीचं बटण दाबते. एकदा दाबलं तर हसू, दोनदा दाबलं तर शकलं. ढोल आणि माणूस यातला फरक तिला कळतो. पगार रोज एक वडापाव.

७ सप्टेंबर, शनिवार

गणपती बसले. आरतीनंतर राईड सुरू. पहिली जोडी आजोबा आणि त्यांचा नातू. आजोबांना आपलं धोतर लगेच ओळखू आलं.

साडेआठला सगळं बंद पडलं. छोट्या यूपीएसच्या बॅटऱ्या दीड तासात बसल्या, रांगेत चाळीस जण. दुसऱ्या दिवशी मोठ्या आणल्या, ७,६००. पहिल्यापासून घ्यायला हव्या होत्या. मी वायपरची मोटर स्वस्तात मिळाल्याच्या आनंदात होते.

११ सप्टेंबर, बुधवार

एका वेळी दोघं, चढ-उतार धरून चार मिनिटं, म्हणजे तासाला तीसच माणसं. पेशवे पार्कातली फुलराणी १९५६ पासून एका खेपेला डबे भरून पोरं नेते, याचं आता खरं कौतुक वाटतं. रांग जिन्यापर्यंत जाते. तिथे आम्ही फळाची आणि माकडाची गोष्ट चित्रांत लावली. वाट बघणाऱ्यांना कळतं की राजा स्मशानात का गेला. हे आधी राईडमध्येच घुसवायचा माझा हट्ट होता.

आणखी एक. मला वाटलं होतं, मुलं जिंकायला म्हणून गप्प बसतील. एकही बसत नाही. पहिल्या दोन गोष्टींना ओरडून उत्तर देतात, चूक असो वा बरोबर. मोठी माणसं गप्प राहतात आणि शकलं ऐकून दचकतात. तिसऱ्याला मात्र सगळेच गप्प. मग वेताळ अगदी हळू सांगतो, "खूश झालो. तो भिक्षू तुला साष्टांग नमस्कार घालायला सांगेल. तू म्हण, आधी तूच करून दाखव." हात खांद्यावरून उचलले जातात. उतरताना एकीने मला विचारलं, "काकू, परत पाठीवर ठेवता का?"

१९ सप्टेंबर, गुरुवार

विसर्जनानंतर दोन दिवस झोपून आज सोडवलं. एकूण खर्च ५१,३००. वरचे ६,३०० मी घातले. प्लाय, ॲक्रिलिक आणि रंग मिळून ते जवळपास ८,०००, म्हणजे शहाणपणा केला असता तर बजेटमध्ये बसलं असतं. पट्टी चार तुकड्यांत कापून गच्चीवर ठेवली आहे. तुकड्यांच्या टोकांवर नंबर घातले, विसरू नका. जोड ज्या क्रमाने घासले त्याच क्रमाने बसतात. धोतर धुऊन परत दिलं.

नोटीस बोर्डावर पाणी-कपातीच्या सूचनेखाली कोणीतरी खडूने बाप, लेक, आई, मुलगा असे चौकोन काढून रेघा ओढल्या आहेत. काल आजोबांनी "मामा" लिहिलं होतं. आज सकाळी ते पुसून दुसऱ्या अक्षरात "नातू" लिहिलेलं आहे, आणि खाली वॉचमन काकांचं प्रश्नचिन्ह.